नावाला हात लावायचा नाही

आमच्याकडे इंग्रजी सेंटिमीटरवर मिळतं. तीस सेंटिमीटर उंचीच्या अक्षराचा भाव वेगळा, साठचा वेगळा, आत दिवे बसवायचे असतील तर आणखी वेगळा. दुकानांच्या पाट्या करतो आम्ही, दुबईत, अल क्वोजमध्ये, टायरचं गोदाम आणि केकची बेकरी यांच्या मधोमध. सकाळी शटर वर केलं की एका बाजूने रबराचा वास येतो आणि दुसऱ्या बाजूने व्हॅनिलाचा. मला तिथे नऊ वर्षं झाली. माझ्या लेबर कार्डावर ऑफिस असिस्टंट असं लिहिलंय. त्यात चहापासून हायफनपर्यंत सगळं येतं.

हायफन मला मॉरिससरांनी दाखवला. मॉरिस तुस्कानो, वसईचे, आता साठीला टेकलेले. आमच्याकडे काम असं चालतं: दुकानदार पाटीवर काय हवं ते लिहून देतो, डिझायनर त्याचं ड्रॉइंग काढतो, आणि ते कापायला जाण्याआधी मॉरिससर लाल पेन्सिल घेऊन तपासतात. ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात 'चेक्ड बाय' अशी चौकट असते. तिच्यात 'एम. टी.' पडलं की मगच खाली भिवा मशीन सुरू करतो. भिवा लांज्याचा. त्याला इंग्रजी वाचता येत नाही, अक्षरं म्हणजे त्याच्या लेखी अ‍ॅक्रिलिकचे आकार, पण एम. टी. तो बरोबर ओळखतो. एकदा आमचे मॅनेजर तहासाहेब, कराचीचे, त्यांनी घाईत स्वतःच सही ठोकून कागद खाली पाठवला. भिवाने तो तसाच वर धाडला. "ह्याच्यावर मास्तरांचा नाय," एवढाच निरोप. तहासाहेब तासभर धुमसले आणि मग कागद घेऊन मॉरिससरांच्या टेबलाशी गेले.

मी गुहागरची, मराठी शाळेतली, बारावी. इंग्रजी मी सरांच्या लाल खुणा एका वहीत उतरवून शिकले. कठीण शब्दांनी मला कधी त्रास दिला नाही, ते शब्दकोशात सापडतात. छळलं ते ऑन, इन, अ‍ॅट, ऑफ या टिकल्यांएवढ्या शब्दांनी. मराठीत ही मंडळी नामाच्या पाठीला चिकटून चालतात. टेबलावर, कपाटात, दुकानापाशी. इंग्रजीत ती पुढे चालतात, सुटी, आणि कोणाच्या पुढे कोणी चालायचं याचं कारण विचारायचं नसतं. एका फॉर्मवर मी 'मॅरिड विथ धनंजय' असं लिहिलं होतं. सर म्हणाले, "विथ नाही. टू."

"आमच्यात लग्न कोणाशी तरी होतं, सर."

"इंग्रजीत कोणाला तरी होतं."

"गोवर झाल्यासारखं?"

"काही घरांत तसंच," सर म्हणाले आणि पुढचा कागद ओढला.

हायफनचं त्यांनी असं सांगितलं, की दोन शब्द मिळून तिसऱ्याचं ओझं उचलणार असतील तर त्यांचे हात एकमेकांत द्यायचे. 'रेडी' आणि 'मेड' सुटे असले तर दोन अनोळखी माणसं. 'कर्टन्स'च्या आधी आले की जोडपं. भिवा त्याला आडवी काडी म्हणतो आणि उरलेल्या तुकड्यांतून कापतो. "वैनी, आज काड्या किती?" असं रोज सकाळी विचारतो.

पण या सगळ्याच्या वर एक नियम होता आणि तो सरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला. नावाला हात लावायचा नाही. इथे दुकानाचं नाव ट्रेड लायसन्सवर छापलेलं असतं, आणि पाटीवर ते अक्षरन् अक्षर तसंच यावं लागतं. लायसन्सवर इंग्रजी चुकलेलं असेल तर पाटीवरही चुकलेलंच हवं. आपली अक्कल नावाच्या खालच्या ओळीत, जिथे 'होम डिलिव्हरी' वगैरे लिहितात तिथे चालवायची. म्हणून सर ड्रॉइंग हातात आलं की आधी विचारायचे, "लायसन्स कुठाय?" ते समोर ठेवून, बोट लावून नाव जुळवायचे, लायसन्सवर बरोबरची खूण करायचे, आणि मगच लाल पेन्सिल उचलायचे.

दीड वर्षापूर्वी एका ड्रॉइंगवर त्यांनी हायफनच्या वर हायफन दिला. होता तिथेच, पुन्हा. मी खोडरबर पुढे केला. त्यांनी कागद नाकाला लावला, मग खाली ठेवला.

"मोतीबिंदू," ते म्हणाले. "दोन्ही डोळ्यांत. मोठं अक्षर दिसतं. काडी दिसत नाही. कुठे बोलू नकोस, कुंदा. मला इथे डोळ्यांसाठी ठेवलंय."

"ऑपरेशन करून घ्या ना. हल्ली दुपारी घरी सोडतात."

"व्हिसा रिन्यू होऊ दे, मग. आत्ता रजा मागितली तर कशासाठी ते सांगावं लागेल. साठीच्या माणसाला डोळ्यांचं कारण देऊन रजा मागायला लावू नकोस."

आणि मग त्यांनी खरं ते सांगितलं. त्यांची बायको विल्मा इथे एका हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर आहे. लग्नानंतर बावीस वर्षं ती वसईला आणि हे इथे, सहा जणांच्या खोलीत. आठ वर्षांपूर्वी तिला इथे नोकरी मिळाली तेव्हा कुठे दोघं एका छपराखाली आले, डिस्कव्हरी गार्डन्सला, आमच्याच बिल्डिंगीत. तिच्या नोकरीची अजून दोन वर्षं बाकी. तिच्या पगारावर नवऱ्याचा व्हिसा निघत नाही. यांचा रिन्यू झाला नाही तर हे वसईला आणि ती इथे, पुन्हा तेच.

"मला काय, बाकी काही नको," सर म्हणाले. "फक्त तिच्याबरोबर परत जायचंय. एका विमानाने."

तेव्हापासून मी त्यांच्या आधी ड्रॉइंग वाचायला लागले. जिथे चूक असेल तिथे शिसपेन्सिलीचा बारीक ठिपका द्यायचे. ते त्यावर लाल खूण करायचे. काही महिन्यांनी लाल खूणही मीच करायला लागले, मग सहीसुद्धा. पहिल्या एम. टी.ला मी आधी रद्दीवर गिरवून पाहिलं. दहाव्याला नाही. माणूस कशालाही सरावतो, खोट्या सहीला तर फारच लवकर. लायसन्स मात्र सरच मागायचे. मी मोठ्याने वाचायचे, ते ऐकायचे आणि लायसन्सवर खूण करायचे.

त्या सोमवारी सर रिन्यूअलसाठी फोटो काढायला बाहेर गेले होते. व्हिसाचे कागद तहासाहेबांच्या टेबलावर होते, गुरुवारी पाठवायचे होते. "इस साल एक भी बोर्ड वापस नहीं आया, मॉरिस साहब। आपका हो जाएगा, इन्शाल्ला," असं ते त्यांना आदल्या आठवड्यातच म्हणाले होते. आणि तेवढ्यात उम्म अल कुवैनच्या एका पडद्यांच्या दुकानाचं ड्रॉइंग आलं. जैनब नावाच्या बाईंचं दुकान. त्यांना बुधवारी उद्घाटन करायचं होतं. तहासाहेब दारात उभे राहून "यल्ला, यल्ला" अशी घाई करत होते.

वर मोठ्या अक्षरांत 'नूर अल बहर'. त्याच्या खाली जरा लहान अक्षरांत 'स्पेशालिस्ट ऑफ रेडी मेड कर्टन्स'. मला वाटलं, वरचं नाव, खालची जाहिरात. 'ऑफ'चा 'इन' केला. 'रेडी' आणि 'मेड'चे हात जुळवून दिले. कोपऱ्यात एम. टी. घातलं. लायसन्स फाइलमध्येच होतं, मी ते उघडलं नाही. वर आणखी मनात म्हटलंसुद्धा, की सर आले की दाखवते, एकटीने केलं.

जैनबबाईंना ड्रॉइंग व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं. त्यांनी अंगठा पाठवला. मंगळवारी संध्याकाळी आमची माणसं पाटी लावून आली.

बुधवारी दुपारी पाटी पिकअपवर उताणी पडून परत आली. पालिकेकडून तपासायला आलेल्या माणसाने ती लायसन्सशी ताडून पाहिली होती. लायसन्सवर नाव होतं: नूर अल बहर स्पेशालिस्ट ऑफ रेडी मेड कर्टन्स. सगळं. एक सलग नाव. खालची जाहिरात नव्हतीच. इथे नावं अशीच असतात, दुकान काय विकतं तेही नावातच घालतात. नऊ वर्षं हे रोज बघत असूनही माझ्या डोक्यात त्या क्षणी ते आलं नाही. माझ्या डोक्यात फक्त तो 'ऑफ' सलत होता.

तहासाहेबांनी सरांना आत बोलावलं. मी चहा घेऊन गेले, म्हणजे चहाच्या निमित्ताने गेले.

"अठारह सौ दिरहम का बोर्ड है, मॉरिस साहब। आपके यहाँ के चालीस हज़ार। वो खातून फोन पर रो रही थीं। मेहमान आ चुके थे, फीता बँधा था, और ऊपर दीवार ख़ाली।"

सरांनी ड्रॉइंग घेतलं. खिशातून भिंग काढलं नाही, तहासाहेबांसमोर ते कधीच काढायचे नाहीत. कागद डोळ्यांजवळ धरून त्यांनी कोपऱ्यातली सही पाहिली. त्यांचा 'टी' खाली जरा वळतो, माझा सरळ उभा राहतो. तेवढं त्यांना दिसलं, किंवा न दिसताही कळलं.

"मेरा ही है," ते म्हणाले. "ग़लती हो गई।"

माझ्या हातात ट्रे होता. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी ट्रे ठेवला, कपाचा कान सरांच्या उजव्या हाताकडे वळवला आणि बाहेर आले. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, आता लिहिते आहे.

मागे तहासाहेबांचा आवाज आला, "वीज़ा के ये काग़ज़ अभी रहने देते हैं फिर। मुझे सोचने दीजिए।" ड्रॉवर उघडला आणि बंद झाला.

घरी धनंजयला सांगितलं. तो एसीची कामं करतो; जिथे गळतं तिथे पट्टी लावायची हे त्याचं तत्त्वज्ञान. "त्यांनी घेतलं ना अंगावर? खलास. तू गप्प बस. खोट्या सह्या केल्यास म्हणून सांगायला जाणार तू? बारावीच्या सर्टिफिकेटवर दुसरीकडे कोण देणार आहे तपासायचं काम?"

मुलगी रेवा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "आई, जस्ट टेल देम. इट्स नॉट दॅट डीप."

"मराठीत सांग."

"मराठीत पण सेमच आहे."

जेवणं झाल्यावर मी वरच्या मजल्यावर गेले. विल्माची संध्याकाळची ड्यूटी होती, सर एकटेच होते, कपड्यांना इस्त्री करत. विल्माचा युनिफॉर्म होता तो.

"मी उद्या तहासाहेबांना सांगणार आहे," मी म्हटलं.

"काय सांगणार? सही तू केलीस एवढंच? मग ते विचारतील, का केली. मग डोळे." त्यांनी कॉलर उलटी करून इस्त्री फिरवली. "एक चूक माणसाला माफ होते, कुंदा. डोळे माफ होत नाहीत. चुकीवर राहू दे."

"चूक तुमची नाहीये."

"माझ्या नावाने झाली ना? मग माझी."

"तुमची असती तर झालीच नसती."

त्यांनी युनिफॉर्म हँगरला लावला. मी दाराशी पोचले तेव्हा म्हणाले, "बोलू नकोस. मी सांगून ठेवतोय."

रात्री झोप लागली नाही असं लिहिणार होते, पण लागली. पहाटे मात्र जाग आली आणि सरांना दिलेलं उत्तर डोक्यात फिरत राहिलं. तुमची असती तर झालीच नसती. रागात बोलले होते. नळाखाली तोंड धुताना लक्षात आलं, की ते रागाचं नव्हतं, हिशोबाचं होतं.

ऑफिसात मी सगळ्यांच्या आधी पोचले. वर्षभराच्या फाइली कपाटातून काढल्या. प्रत्येकीत ड्रॉइंगच्या वर लायसन्सची प्रत टाचलेली, आणि नावापाशी सरांची बरोबरची खूण, जराशी थरथरती. तहासाहेब आले तेव्हा मी त्यांच्या टेबलासमोर उभी होते आणि फाइलींचा ढीग माझ्या कमरेपर्यंत आला होता.

"साहब, बोर्ड पे जो सही है वो मेरी है।"

त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "मतलब?"

"एम. टी. मैंने लिखा। सोमवार को भी, उसके पहले भी। एक साल से ज़्यादा हुआ। सर को बारीक दिखता नहीं है। मोतियाबिंद है।"

बोलून झालं. पलीकडे बेकरीच्या ओव्हनची घंटी वाजली. ते खुर्चीत बसले.

"साल भर से आप उनके नाम के जाली दस्तख़त कर रही हैं। और मुझे आज बता रही हैं।"

"जी।"

"तो फिर मुझे बताइए, मॉरिस साहब का मैं क्या करूँ? काम तो आप कर रही हैं। आप ही को बिठा देता हूँ उनकी कुर्सी पर।"

सरांना नेमकं हेच होईल म्हणून भीती होती. आणि खोटं कशाला बोलू, पोटात एक क्षण गुदगुल्यासुद्धा झाल्या. नऊ वर्षं चहा करणाऱ्या बाईला कोणी खुर्ची दाखवली तर होतात.

"साहब, एक ही दिन मैं अकेली थी," मी म्हटलं. "सिर्फ़ सोमवार। उसी दिन ये हुआ।" मी वरची फाइल उघडली, मग खालची, मग तिच्या खालची. "ये देखिए, हर जगह लाइसेंस पे उनका निशान। काड़ी मैं देखती हूँ, नाम वो पकड़ते हैं। मुझे ग़लत इंग्लिश दिखी, तो मैंने ठीक कर दी। वो कभी नहीं करते। आप मुझे कुर्सी पर बिठाओगे तो मैं आपके सब दुकानदारों की इंग्लिश सुधार दूँगी।"

तहासाहेबांनी दोन-तीन फाइली चाळल्या. मग बेल दाबून सरांना बोलवायला सांगितलं. सर आत आले, त्यांनी ढीग पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

तहासाहेबांनी सकाळी आलेलं, अजून न तपासलेलं एक ड्रॉइंग त्यांच्यापुढे सरकवलं. "पढ़िए।"

मला वाटलं, संपलं. सरांनी कागद घेतला. उलटा करून पाठ बघितली, पुन्हा सुलटा केला. वाचायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"लाइसेंस कहाँ है?" ते म्हणाले.

"पहले पढ़िए तो।"

"पहले लाइसेंस, साहब। उसके बग़ैर क्या पढ़ूँ?"

तहासाहेबांनी फाइल उघडली. लायसन्सची प्रत तिच्यात नव्हती. डिझायनरने लावलीच नव्हती. त्यांनी फाइल हलवून पाहिली, टेबलाखाली वाकून पाहिलं. मग इंटरकॉमवर डिझायनरला दोन मिनिटं ऐकवलं. ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही.

फोन ठेवून त्यांनी ढिगातल्या आणखी दोन फाइली उघडून लायसन्सवरच्या खुणा पाहिल्या. शेवटी ड्रॉवर उघडून त्यांनी व्हिसाचे कागद काढले आणि पेनाचं टोपण दातांनी काढून तीन ठिकाणी सही केली.

"आँखें इसी महीने बनवाइए। छुट्टी मैं दे रहा हूँ, माँगने की ज़रूरत नहीं।" मग माझ्याकडे वळून, "और आप। ख़ाने में अब दो दस्तख़त होंगे। पहले उनके, फिर आपके। आपके, मतलब आपके अपने नाम के। और आज पिकअप में बैठकर उम्म अल कुवैन जाइए और उन खातून से ख़ुद माफ़ी माँगिए। बोर्ड मैं नहीं समझाऊँगा उनको।"

"जी।"

"और वहाँ जाकर किसी की इंग्लिश ठीक मत कीजिएगा।"

बाहेर आल्यावर सर जिन्याखाली उभे राहिले. खालून भिवाच्या मशीनचा आवाज येत होता. तो तीच पाटी नव्याने कापत होता, आणि 'इन'च्या जागी पुन्हा 'ऑफ' का म्हणून कोणाला तरी विचारत होता.

"मी बोलू नकोस म्हटलं होतं," सर म्हणाले.

"म्हटलं होतं."

"ऐकलं नाहीस."

"नाही."

त्यांनी खिशातून फोन काढला. आकडे दिसावेत म्हणून तो हातभर लांब नेला, मग जवळ आणला, आणि शेवटी माझ्यापुढे धरला. मी विल्माचं नाव शोधून बटण दाबून दिलं. पलीकडून विल्माचा झोपेतला आवाज आला. रात्री उशिरा आली असणार.

"झालं," सर म्हणाले. "सही झाली. दोन वर्षं."

पलीकडे ती उठून बसल्याचा आवाज आला. मग ती काहीतरी म्हणाली. सरांनी मान हलवली, जणू तिला दिसणार होतं, आणि फोन माझ्याकडे दिला.

"कुंदा," विल्मा म्हणाली. "हा माणूस माझं ऐकायचा नाही. डोळ्यांची तारीख तू घे. आजच घे, लवकरातली लवकर. मी रजा टाकते."

"उम्म अल कुवैनहून आले की घेते," मी म्हटलं.

"जायच्या आधी घे," ती म्हणाली.